उजवी बाजू

मिठाईवरचा वर्ख आधी लावून पाहिला.
नुसता श्वास लागला तरी फाटतो.
गोळ्यांच्या पाकिटाची चांदी दुकानात हवी तेवढी,
पण ती जाड, कोपऱ्यावर वळताना हट्ट धरते.
शेवटी पुण्याहून मागवली, पाठीला चिकट असलेली,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यागत पातळ.
बायकोला किंमत सांगितली नाही.

परभणीत, जिंतूर रोडला, औषधाच्या दुकानामागं
खोक्यांनी भरलेली खोली आहे माझी.
तिथं अकरा नंबरच्या पात्यानं
अँबेसेडरच्या दारावरची पट्टी कापत बसलो.
गाडी वीतभर. पट्टी ज्वारीच्या पानाच्या शिरेएवढी.
पातं दाबायचं नाही, नुसतं चालवायचं,
खालच्या रंगाला कळू नये असं.
मग कापसाच्या काडीनं घासायचं
सुरकुती मरेपर्यंत.

गाडी खय्यूममामूची.
म्हणजे मामू गेल्यावर त्याच्या लेकीनं करायला सांगितलेली.
नसरीन सेलूला शाळेवर असते. एकच फोटो आणला तिनं:
बॉनेटवर झेंडू, मागचं दार धरून मामू,
आणि कुणाचा तरी नवरदेव अर्धा बाहेर.
गावातले निम्मे नवरदेव त्याच गाडीतून उतरले.
मी पण.

फोटोत डावी बाजू होती.
उजवी मी तशीच धरली,
एक कान दिसला की दुसरा धरतो तशी.

क्लिअर मारायचं ते पहाटे पाचला.
वैशाखात दिवसा मारलं तर फवारा हवेतच वाळतो,
काचेच्या जागी रवा बसतो.
फरशीवर पाणी शिंपडलं, पंखा बंद केला,
जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं खोकत खोकत दम धरला.
पहिला हात धुक्यासारखा.
दुसरा ओला.
ओल्यात चांदीची कापलेली कड बुडाली,
रंग कुठं संपतो ते दिसेना झालं.
टपावर एक चिलट येऊन बसलं. चिमट्यानं काढलं.
एक पाय आत राहिला.

रविवारी नसरीन आली.
गाडी तळहातावर घेतली, फिरवली, थांबली.
"इकडं पट्टी नव्हती, काका."

पूर्णेच्या फाटकाजवळ उसाची ट्रॉली घासून गेली होती.
पट्टी गेली, दोन भोकं राहिली.
नवी बसव म्हणून सगळे मागं लागले.
मामू म्हणायचा, "नौशा तो बाएँ बाजू से उतरता.
सीधे बाजू कू कौन देखता?"

स्टिअरिंग उजवीकडं.
ते दार रोज सकाळी तोच उघडायचा.

मी म्हणालो, दोन हात बसलेत वरून, आता निघायची नाही.
ती काही बोलली नाही.
उठलीही नाही.

पातं घेतलं. पट्टीच्या टोकाशी उचकटलं.
तव्यावर मीठ तडकावं तसं क्लिअर तडकलं.
पट्टी निघाली, अख्खी नाही, तुकड्या-तुकड्यानं,
आणि खाली रंग कोरा,
दोन्ही अंगाला कड, नखाला लागेल एवढीच.

नसरीननं नख फिरवलं त्यावरून,
पुढच्या चाकाकडून मागं. परत पुढं.
"पट्टीखालचा रंग उन्हानं खाल्लेला नव्हता," म्हणाली,
"अशीच रेघ दिसायची."

"तिसरा हात मारू का? बुजून जाईल."
"नको."

सुईनं दोन भोकं पाडली.
ती बघत होती म्हणून हात हलला,
एक जरा खाली आलं.
"तिथंच होतं," म्हणाली.
खोटं असावं.

बुटाच्या खोक्यात, कापसावर, उजवी बाजू वर करून
गाडी सेलूच्या बसमधून गेली.

रात्री भाकरी मोडताना बायकोनं माझा अंगठा धरला.
नखाजवळ चांदीचा एक तुकडा, चिकटलेला.
"वर्ख लावलेलं काय खाऊन आलात," म्हणाली,
"एकटेच?"