आतली नाही, बाहेरची नाही

तिसरी रात्र.
गोठिवली गावठाणात, गिरणीच्या वरच्या खोलीत
मी एडीबी लिहिते, एंटर दाबते
आणि काळी खिडकी तेच सांगते:
ही आज्ञा आतली म्हणून ओळखता येत नाही,
बाहेरची म्हणूनही नाही.

इतक्या नेमक्या शब्दांत
आम्हाला आजवर कुणी नाकारलं नव्हतं.
मोजणीला आलेला साहेबसुद्धा
नुसता नकाशा उलटसुलट धरून उभा राहिला होता.

बचत गटाच्या हिशेबाचं ॲप करायचंय मला,
एवढंच.
नणंदेच्या मोबाइलचा नेट संपवून सगळं उतरवलं.
फोल्डर उघडून बघते, तर आहे की!
सी ड्राइव्हच्या पोटात, प्लॅटफॉर्म-टूल्समध्ये,
हातपाय दुमडून बसलंय.
पुसलं. पुन्हा टाकलं. पुन्हा पुसलं.

शेवटी क्लासमधल्या प्रांजलीला फोन.
तिकडे कामोठ्यात तिचा कुकर शिट्ट्या देतोय.
"अगं, घरातच आहे ते.
तू पत्ता दिलेला नाहीस."

पत्ता.
दुपारी केबल घेऊन आलेला कुरिअरवाला
सेक्टर संपतो त्या कोपऱ्यावर थांबून
फोनवर ओरडत होता,
"मॅडम, मॅपवर इथं काहीच नाहीये!"
इथं म्हणजे आमची गल्ली,
सासऱ्यांनी चढवलेले तीन मजले
आणि खालची गिरणी,
जिची घरघर त्याच्याच फोनमधून
मला ऐकू येत होती.
म्हटलं, त्या आवाजामागं ये.

यंत्राला आवाजामागं येता येत नाही.
त्याला लिहून द्यावं लागतं.
एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, मग पाथ, मग एडिट, मग न्यू.
"आणि आधीचे पत्ते पुसू नकोस हं,
बाकीच्यांचे आहेत ते. आपला खाली लिही."
खाली लिहिला.
ओके. परत ओके. अजून एक ओके.

पुन्हा टाइप केलं.
ओळखत नाही.

"मघाचीच खिडकी ना?" प्रांजली म्हणाली.
"ती उघडली तेव्हा तुझा पत्ता नव्हता.
आता ती शेवटपर्यंत नाहीच म्हणणार.
वाद घालू नकोस. बंद कर, नवी उघड."

मला थोरल्या जाऊबाई आठवल्या.
सोळा वर्षं झाली मला या घरात,
अजून विचारतात,
"तुमच्याकडे कालवणात चिंच घालतात की कोकम?"
त्यांना बंद करून नवी उघडता येत नाही.
असो.

नवी खिडकी. तेच अक्षर.
रेघ नुसतीच लुकलुकली, मग
भराभरा ओळी उतरल्या,
माहेरचं माणूस भेटल्यासारख्या.
केबल लावली. यादी मागितली.
माझा फोन होता यादीत,
आणि त्याच्यापुढे एकच शब्द:
अनधिकृत.

हा मात्र आमच्या ओळखीचा.
दोनदा आलाय घरी, शिक्क्यासकट,
गिरणीच्या दारावर चिकटून गेलाय.
मी प्रांजलीला काही बोलले नाही.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला.
पडद्यावर छोटी चौकट:
या संगणकाला परवानगी द्यायची का?

मी दोनदा वाचलं.
विचारत होते ते मला.

तसाच ठेवला फोन पालथा,
उठले,
आधी चहा टाकला.