अक्षर मोठं ठेव

सुगलाबाई, तुम्ही सांगितलंत तसं
अक्षर अठ्ठावीस पॉइंटात ठेवलंय.
चष्मा बॅगेत राहिला तरी दिसेल.
कागद दोन्ही बाजूंनी भरला, पैसे एकाच बाजूचे.

पहिलं म्हणजे घाबरू नका.
माल्टा आपल्या तालुक्यापेक्षा लहान आहे.
निलंग्याहून औरादला पोचेपर्यंत
एकीकडचा समुद्र संपून दुसरीकडचा लागतो.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात.
बस मात्र हात केल्याशिवाय थांबत नाही.
काळ्या-पिवळीला करता तसाच हात करा,
फक्त रस्त्याच्या मधोमध येऊ नका.

तूप नेता येणार नाही. खवा नाही, पेढे नाहीत.
महानंदाला फोन करून विचारलं मी, दुधाचं काहीच चालत नाही.
शेंगदाण्याची चटणी चालते.
तीन पिशव्यांत बांधा, वर नाव लिहा,
म्हणजे तिथला साहेब लाल भुकटी बघून दचकायचा नाही.

देवळात (त्यांच्या) खांदे झाकावे लागतात.
तुम्हाला पदर आहेच.

दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद.
तेव्हा बाहेर कुत्रंसुद्धा नसतं म्हणे.
छत्री नेऊ नका, तुम्ही जाताय त्या महिन्यांत पाऊस नाही,
तो तिथं हिवाळ्यात येतो.
बांध दगडाचे, आणि बांधावर फड्या निवडुंग.
विमानातून उतरल्यावर वाटेल, फिरून इथंच आणून सोडलं.

पाणी.
नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं, जरा मचूळ लागतं.
तुम्ही टँकरचं प्यालात, तुम्हाला मी काय सांगू.
नदी नाही तिथं. एकसुद्धा नाही.
आपल्याकडं तेरणा आहे, मांजरा आहे,
मे महिन्यात तेवढाही फरक राहत नाही.

अडचण आली तर एकशे बारा.
आपल्याकडंही एकशे बाराच.
हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात,
“इथं कोन लावलं होतं रे कवा?”
ते खोडलं नाही. राहू दिलं.

भाषेचं टेन्शन घेऊ नका.
काल रात्री दुकान बंद करून बघत बसलो :
ते दुनियेला दिन्या म्हणतात.
किताबाला क्तीब.
जुन्या घराखाली पाणी साठवायची जागा असते, तिला बिर.
तुम्ही हीर म्हणता, आमचे दादा बीर म्हणायचे.
दादा कधी हैदराबादच्या पुढं गेले नाहीत,
त्यांचे शब्द मात्र जाऊन बसलेत समुद्रात.

मी सतरा जणांचे पासपोर्ट भरले या टेबलावर.
तुमचा अठरावा, नऊ दिवसांत आला.
माझा तीन वेळा भरला.
तिन्ही वेळा स्क्रीनवर एकच ओळ,
पडताळणी प्रलंबित.
हे माहितीपत्रकात बसत नाही, पण जागा उरली होती.

व्हिसा नव्वद दिवसांचा.
“एक्क्याण्णवाव्या दिवशी काय करतेत?” तुम्ही विचारलंत.
परत पाठवतात, मी म्हणालो.
“मग बरं हाय,” म्हणालात,
आणि पिशवीतून दोन पेरू काढून
कीबोर्डावर ठेवलेत.
स्क्रीनवर ओळभर ‘ककककक’ उमटलं होतं, ते पुसलंय.

एक काम करा माझं.
स्थिरस्थावर झालात की तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा,
बिर?
एवढंच. एकच शब्द.
त्यानं बोट जमिनीकडं केलं
तर मला मिसकॉल द्या.
तिथले दोन म्हणजे इथले साडेपाच.
आठपर्यंत दुकान उघडं असतं.

— सिराज, बागवान झेरॉक्स,
जुन्या टॉकीजसमोर