ब्याऐंशी

"काढून टाक," इनास म्हणाला होता.
"थर्मोस्टॅट काश्मिरात लागतो, पात्रांव,
आमच्या गोव्यात थंडी आहेच कुठे?"
म्हणून दोन मोसम माझी जीप
त्याच्याशिवाय धावली.
कुळ्याहून धबधब्यापर्यंत, वाटेत नदीचे तीन उतार,
हेडलाइटला भिडणारं पाणी,
मागे किंचाळणारे सहा प्रवासी.
काटा कधी वर चढलाच नाही
आणि मला वाटलं, इंजिन सुखात आहे.

सुखात नव्हतं.
डिझेल पीत होतं अधाशासारखं,
सकाळी काळं खोकत होतं,
परवा ऑइलचं झाकण फिरवलं तर आतल्या बाजूला
पिवळट लोण्याचा थर.

कुडचड्याच्या फाटकाजवळ वसंतबाब लोटलीकरांचं दुकान.
त्यांनी ते लोणी नखावर घेतलं, वास घेतला.
"हिला ऊब मिळालेली नाही," म्हणाले,
"तापून मेलेली इंजिनं लोक मोजतात.
गार राहून झिजलेली कोण मोजतो?"
मग जुन्या पेपरावर तीन खोकी उघडली.

शहात्तर : लवकर उघडतो. भित्र्यांसाठी.
अठ्ठ्याऐंशी : उशिरा उघडतो. थंड मुलुखातला.
ब्याऐंशी : कंपनीनं हिच्यासाठी ठरवलेला,
अकराशे पन्नास, घासाघीस नाही.
अडीचशेचाही एक होता, चकचकीत,
बुडाला आकडाच नाही.
तो त्यांनी दाखवला आणि लगेच झाकला,
जशी लग्नाच्या बोलणीत एखादी गोष्ट
सांगितल्यासारखी करून सांगत नाहीत.

मी शहात्तर उचलला.
अनमोडच्या घाटात एकदा उकळलो होतो ना मी,
बॉनेटमधून वाफ, मागे ट्रकांची रांग,
सगळ्यांच्या शिव्या.
तेव्हापासून हात आपोआप थंडाकडे जातो.
वसंतबाब काही बोलले नाहीत.
चष्मा पुसत राहिले,
मी तो खाली ठेवीपर्यंत.

घरी आणला ब्याऐंशी.
शेवंतीच्या तिसऱ्यांच्या टोपात पाणी,
दूध सोसायटीतून तिनेच आणलेला थर्मामीटर,
दोऱ्याला टांगलेले दोघे : हा नवा
आणि घाटात दगा दिलेला तो जुना,
इनासने काढून दिल्यापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून.
साठ. सत्तर. ऐंशी.
आत मेण असतं म्हणे, चिमूटभर.
इनास हसला होता त्यावर :
मेणाचे हातपाय वाहतात देवळात, इगर्जीत,
हे मेण मात्र नवस न बोलता कामाला लागतं.

ब्याऐंशीला काही झालं नाही.
माझ्या पोटात खड्डा. अकराशे पन्नास.
मग केसाएवढी फट.
मग नखाएवढी.
पंच्याण्णवला पूर्ण जबडा उघडा, घाई न करता.
शेवंती वाकून बघत होती.
"तिसऱ्याच की गो ह्या," म्हणाली.

जुना तसाच. वीस मिनिटं उकळला,
ओठ घट्ट.
मी म्हटलं, अजून थोडा वेळ देऊ.
ती म्हणाली, "जी उघडत नाही ती टाकायची.
आईने शिकवलं तेवढं एक.
पोटात गेली तर रात्रभर त्रास."
आणि चिमट्याने उचलून तो
माडाच्या आळ्यात फेकला.

छोटी पिन वर ठेवून बसवला नवा,
हवा सुटायला तेवढीच वाट.
ऑक्टोबरची पहिली फेरी.
काटा चढला, चढला,
माझा पाय सवयीने ऍक्सिलेटरवरून सुटला,
आणि काटा मध्यावर थांबला.
पहिल्या उतारात गार पाणी आदळलं,
तो जरा खाली वाकला,
पलीकडच्या चढावर परत जागेवर.
मागे कुणीतरी विचारलं, भाऊ, मगरी आहेत का इथे?
मी ऐकलंच नाही.

संध्याकाळी जेवताना
शेवंतीनं वाटी पुढे सरकवली आणि थांबली.
टोप राखेनं दोनदा, चिंचेनं एकदा घासलाय,
तरी म्हणते, सुक्याला अजून
इंजिनाचा वास येतो.