तीन नंबर

मार्चअखेर नदी फुटते ती रात्रीच.
एमायगीवरच्या बर्फाच्या लाद्या एकमेकींना ढुशा देत
पुलाखालून जातात, आणि वर, दूध-तपासणीच्या प्रयोगशाळेत
हेल्वे ओले मोजे वाळत घालते सर्व्हरच्या गरम पाठीवर.
"वास येईल," मी म्हणतो.
"यंत्राला नाक नसतं. यंत्राला नुसते पत्ते असतात.
तेच तर दुखणं आहे."

गेल्या मंगळवारी एक टँकर ओतून दिला.
अठरा हजार लिटर, चांगलं, गोड दूध.
प्रोग्रॅम आम्ही तपासला होता, चेकसम जुळला होता,
मग त्याच पत्त्यावर हाक मारली: ऊठ, कामाला लाग.
तपासणी आणि हाक, मध्ये अकरा मिलिसेकंद.
तेवढ्यात अपडेट आलं. जुनी फाइल बाजूला सरली,
तिच्या नावात दुसरीच येऊन बसली, अर्धीमुर्धी उतरलेली.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
पण हाकेला ओ तिनेच दिली.

हेल्वेचे वडील टार्टूत पोस्टमन होते.
त्यांच्या हयातीत एका गल्लीचं नाव तीनदा बदललं:
आधी कुणी सेनापती, मग कुणी कारखान्यातला हुतात्मा,
मग पुन्हा नुसतं बर्चचं झाड.
पाट्या बदलणारा यायचा शिडी घेऊन,
जुनी पाटी काखेत, नव्या पाटीचे खिळे दातांत.
वडील पाट्या वाचतच नसत.
ओयास्टे म्हातारीचं फाटक त्यांना बिजागरीवरून कळे,
आणि ती पत्र घ्यायच्या आधी त्यांचा हातमोजा पकडायची,
सही होईस्तोवर सोडायची नाही.
थंडीत सही व्हायला वेळ लागे.

"तसंच करायचं," हेल्वे म्हणते.
"फाइल एकदाच उघड. कर्नल तुला आकडा देईल.
शून्य, एक, दोन जन्मतःच वाटलेले असतात,
म्हणून तुझ्या वाट्याला तीन."
"तीन तिघाडा," मी पुटपुटलो.
"तीनला धर. तीनलाच तपास. तीनलाच चालव.
पत्ता मध्ये आणूच नकोस.
कुणी नाव पुसो, कुणी दुसऱ्याला लावो,
मुठीतलं मुठीत राहतं."

मी लिहू लागलो. ती खांद्यावरून वाचत होती.
"आणि एक. ही हाक लागू पडली, तर तू परत येत नाहीस."
"म्हणजे मी कुठे जातो?"
"कुठेच नाही. परकायाप्रवेश, पण उलटा:
काया तीच, प्रोसेसचा नंबर तोच, आतला जीव दुसरा.
खालची ओळ फक्त फसलेल्यांसाठी."

फसलेल्यांसाठी मी ओळ लिहिली, आणि तीच उमटली.
अशी फाइल नाही.
नाही कशी? हातात होती! आत्ता तपासली!
हेल्वे इतकी हसली की एक मोजा खाली पडला.
"ती स्क्रिप्ट आहे रे. स्वतः चालत नाही ती,
तिला वाचून दाखवणारा लागतो.
तो आला, तीन नंबरचं दार शोधलं,
आणि तू तर उंबरठ्यावरच मूठ उघडायची
सवय लावून ठेवलीस तिला."
खरंच. फाइल उघडताना एक झेंडा टाकला होता,
शिस्त म्हणून, सगळेच टाकतात म्हणून:
ओलांडताना बंद हो.

झेंडा काढला. पुन्हा हाक मारली.
खालची ओळ आली नाही.
आम्ही तिची वाट पाहत राहिलो,
न येण्याची वाट पाहणं हे विचित्रच काम,
कितीशी वाट पाहिली की नाही म्हणायचं?
मग पहिल्या नमुन्याचा आकडा पडद्यावर आला,
स्निग्धांश चार पूर्णांक एक,
दुसऱ्याचा, तिसऱ्याचा.

चार वाजता उर्मासचा टँकर फाटकाशी आला,
त्याने हॉर्न दिला नाही, नुसता दिवा दोनदा मिचकावला.
हेल्वेने मोजे चाचपले.
एक वाळला होता.
दुसरा घातला तिने तसाच.