पान दोनशे अकरा

नौपाड्याच्या वाचनालयातून आणलेली,
चारशे साठ पानांची.
शंभराव्या पानापर्यंत ती बाई
मेणबत्ती घेऊन जिनाच चढतेय
आणि मेण काही वितळत नाही.

धुकं. परत धुकं. बंद खोली.
किल्ली कुणाकडे,
याचं मला आता सोयरसुतक नाही.

दोनशे अकरावर, समासात,
बारीक पेन्सिलीत: ‘अजून काहीच नाही.’
दोनशे नव्वदवर: ‘अजूनही.’
तीनशे चारवर नुसता चहाचा डाग.

मग कोरं.

खुनी माळी निघाला. निघू दे.
शेवटची दीडशे पानं मी चाळली
ती त्या अक्षरासाठी.

परत करताना फणसळकरबाईंना विचारलं,
ही आधी कुणाकडे होती?
त्यांनी कार्ड पाहिलं. चष्मा काढला.
म्हणाल्या, दंड सहा रुपये.