उन्हाची बाजू

नेलिदा माझ्या खुर्चीत बसते तेव्हा
मी दिवा आधी डावीकडून धरते, मग उजवीकडून,
आणि दर वेळी मनातल्या मनात दचकते:
एकाच मानेवर दोन बायका.

डावी सत्तरीची. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत भेगा,
गालावर वांग, सांडलेल्या चहाच्या डागांसारखे.
उजवी पन्नाशीचीही नाही.
खरं वय अठ्ठावन्न,
ते मध्येच कुठेतरी, नाकाच्या शेंड्यावर.

बत्तीस वर्षं बस चालवली तिनं,
त्रेलेऊ ते कोमोदोरो, तीन नंबरचा रस्ता,
जिथला वारा चेहऱ्यावरून कानस फिरवतो.
सकाळी सहाला दक्षिणेकडे: ऊन डाव्या खिडकीत.
दुपारी दोनला उत्तरेकडे परत: ऊन आभाळ ओलांडून
पुन्हा डाव्याच खिडकीत.
"माझ्याच गाडीचा पास काढला होता त्यानं," ती म्हणते,
"खिडकीची जागा. एक पेसो सुटला नाही कधी."

मी माझी यादी म्हणून दाखवते, पाठ आहे:
आम्लाचा हलका थर, आठवड्याला एक, असे सहा.
सुया, मुंगी चावल्याएवढ्या.
लेसरचं मशीन ब्वेनोस आइरेसहून येतं,
महिन्यातून एक शनिवार, हप्ते पाडून देतात.

ती ऐकून घेते.
"म्हणजे विकायच्या गाडीचा मीटर मागे फिरवतात तसं.
आमच्याकडे त्याला गुन्हा म्हणायचे."
मग जरा थांबून,
"उलटं नाही का होत? उजवी म्हातारी कर.
तेवढंच स्वस्त पडेल."

मी हसते. ती हसत नाही.

ओविदिओ आधी तिचा जोडीचा ड्रायव्हर, मग नवरा.
उजव्या बाजूला बसून एकोणीस वर्षं माते पाजत आला तिला,
तिचे डोळे रस्त्यावर, नळी थेट ओठांशी.
दर वाढदिवसाला म्हणायचा, "तू जराही बदलली नाहीस गं."
खोटं बोलत नव्हता बिचारा.
त्याला दिसायची तेवढी बाजू खरंच बदलली नव्हती.
"आणि घरी?"
"घरी कोण बघतं कोणाकडे!
पलंगावरही तो उजवीकडेच झोपायचा."

गेल्या थंडीत हॉस्पिटलात
खाट भिंतीला लागून होती,
तिला पहिल्यांदाच दुसऱ्या अंगाला बसावं लागलं.
तो बघत राहिला बराच वेळ.
मग बोटांनी तिचा डावा गाल चाचपला
आणि म्हणाला,
"पडदा का नाही ओढलास गं?"

माझ्या हातातला कापूस वाळून गेला होता.
सव्वीस वर्षं मी प्रत्येक नवी क्रीम आधी
माझ्याच डाव्या मनगटावर लावून बघते, आतल्या बाजूला.
दोन बोटांएवढी ती जागा अजून तान्ह्या बाळासारखी आहे.
घड्याळाचा पट्टा येतो तिच्यावर.
आजवर कुणी पाहिली नाही.
मला वाटलं, तिला दाखवावी. दाखवली नाही.

"हनुवटीचे हे तीन केस तेवढे काढ," ती म्हणाली,
"ते दोन्ही बाजूंचे आहेत."
दोरा फिरवला, काढले.
मग न विचारता उन्हाचं मलम डाव्या गालावर चोळलं.
"आता? पेन्शन लागली मला!"
पण मान हलवली नाही.
"राहू दे. गार वाटतंय."

पैसे मोजून दिले, नाण्यांसकट,
सुट्ट्याची सवय.
काचेतून पाहिलं: गावातली बस आली,
ड्रायव्हरनं ओळखून हात केला,
ती चढली, सगळी गाडी रिकामी,
आणि नीट बघून
उजवीकडच्या खिडकीत बसली,
उन्हात.
पडदा होता. ओढला नाही.

माझ्याकडे पुढची मुलगी आली, चोवीस वर्षांची,
कपाळाला सुया हव्यात म्हणाली.
कपाळावर अजून काहीच नव्हतं.
मी दिवा डावीकडून धरला.