विसार

कोल्हापूरहून उतरताना गगनबावड्याच्या वळणांवर
फाइल माझ्या मांडीवर होती, आबा खिडकीपाशी.
मेस्त्री वासुदेव धोंडू, पुरुष, सदुसष्ट.
त्याखाली दोन पानं इंग्रजी,
मी शाळेत शिकवते ती नव्हे.

तळेऱ्यात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं,
डॉक्टर सारखा कुठला शब्द म्हणत होता?
ॲडव्हान्स्ड, मी म्हटलं,
आणि पुढे मराठी सुचेना.
पुढारलेला? पोचलेला?
आबा बशीत फुंकर घालत म्हणाले,
"ॲडव्हान्स म्हंजे विसार.
माजो विसार कोणी घेतल्यान?"

आठ महिने लाल होत होती.
दुखत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.
उष्णता, असं स्वतःशीच ठरवून
धन्याचं पाणी, सब्जा, वर बिडी.
माडाच्या मुळाशी जायचे ते काळोख पडल्यावर,
रंग दिसायला नको म्हणून.

मिराशी डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर पिशवी काढली होती,
तिला तीन रेघांची भिंत,
आणि तिन्ही रेघा ओलांडून गेलेला बाण.
बाणाच्या टोकाशी गाठी. मग कंबरेचं हाड.
मी मान हलवत राहिले,
माझ्या वर्गातली मुलं हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला खाडीवर नेलं, मांडवात.
हमजा सोलकरांची होडी कुशीवर पडली होती दुरुस्तीला.
"भायरसून बग."
राईएवढं भोक, एकच.
पटाशी टेकवली, मोगरीचा एक ठोका,
आणि सागाची फळी पावासारखी फुटली.
आत बोट जाईल अशी भुयारं, चुन्याने सारवलेली.
किडा शिरतो तेव्हा केसाएवढा असतो,
वाढतो तो आतच.
बाहेरचं भोक तेवढंच राहतं.

"आता सांग. खंयपर्यंत इलो? फळयेत?"
पलीकडे.
"वाकात?"
मी खाली पाहिलं. भुशात मुंग्या होत्या.
"पठाणात?"
हाड म्हणजे पठाण का, आबा,
मला खरंच ठाऊक नाही.

"मगे फळी बदलून उपेग नाय."
हे वाक्य मी रात्रभर घोकत होते,
वेगवेगळ्या शब्दांत, मोरीत, नळ सोडून.
ते त्यांनी पटाशी पुसता पुसता म्हटलं.

मग मी सलाइनचं सांगितलं.
दर तीन आठवड्यांनी. उपटायचं नाही, आवरायचं.
"म्हंजे राळ आणि तेल," आबा म्हणाले.
"नवी व्हवची नाय. पण हंगाम काढतली."
किती, हे त्यांनी विचारलं नाही.
मीही डॉक्टरांना विचारलं नव्हतं.
विचारलं होतं.
उत्तर महिन्यांत होतं.
हंगामांत करून पाहिलं,
भाग जाईना.

संध्याकाळी सोलकरांचे पाच हजार परत द्यायला गेले.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
हमजाचाचा ओटीवर जाळं विणत होते,
त्यांनी सुईही खाली ठेवली नाही.
म्हणाले, विसार आम्ही परत घेत नाही, मेस्त्री.
होडी कधी द्यायची ते तुम्ही बघा.
आबा नोटा पुन्हा बंडीच्या खिशात घालून आले
आणि त्या रात्री दोन भाकऱ्या जेवले.

सोमवारी पहिलं सलाइन झालं.
रंग बघत जा, लिहून ठेवा, असं सांगितलंय.
आता माडाशी जाताना ते बॅटरी नेतात.
मी पडवीत, मांडीवर वही.
खाडीत शिरताना नाळीवरचा खलाशी
पाण्याचे वाव ओरडून सांगतो,
तसा काळोखातून आवाज येतो,
"फिकी!"
मी तारीख घालते.
"कोऱ्या चायसारखी. लिवलंस?"
लिहिलं, आबा.